तोडीची हरणे

रागमाला-चित्रांच्या संग्रहात तोडी रागिणी ओळखण्यासाठी फारशी विद्वत्ता लागत नाही. मोकळ्या रानात वीणा घेतलेली एक तरुणी आणि तिच्याभोवती माना उंचावून थबकलेली हरणे, इतकी खूण पुरते. कलम राजस्थानी असो, पहाडी असो की दख्खनी, हरणे सहसा चुकत नाहीत. चित्रकारापुढची अडचण उघड होती. रंगाला नाद नसतो. तेव्हा नाद रंगवण्याच्या भरीस न पडता त्याने तो ऐकणारा जीव रंगवला. पाहणाऱ्याने हरणांच्या टवकारलेल्या कानांवरून तोडी ऐकावी, अशी ती योजना होती.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हीच अडचण अगदी निराळ्या ठिकाणी, इंग्लंड-अमेरिकेतील वृत्तपत्रविक्रेत्यांच्या फळ्यांवर, पुन्हा उभी राहिली. लोकप्रिय संगीताला वाहिलेली नियतकालिके तेथे विकली जाऊ लागली, आणि ज्या वस्तूविषयी ती लिहीत होती ती वस्तू त्यांच्या मुखपृष्ठावर कधीच येऊ शकत नव्हती. पाककृतींच्या मासिकाला निदान पक्वान्नाचे छायाचित्र छापता येते, आणि ते पाहून तोंडाला पाणी सुटते. गिटारचे छायाचित्र पाहून कानाला काहीच होत नाही. म्हणून या नियतकालिकांनीही श्रोत्यालाच हाताशी धरले. फरक एवढाच की, त्यांनी त्याला चित्रात न ठेवता चित्रासमोर उभे केले. मुखपृष्ठावर गायकाचा चेहरा असतो, त्याची नजर थेट समोर रोखलेली असते, आणि ती ज्याच्यावर रोखलेली असते ते हरीण नुकतेच दुकानात शिरलेले असते.

जेरार जनेत या फ्रेंच समीक्षकांनी १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात शीर्षक, अर्पणपत्रिका, प्रस्तावना, मुखपृष्ठ या साऱ्यांना संहितेचे उंबरठे म्हटले आहे. उंबरठ्याची कल्पना उपयुक्त आहे खरी; पण उंबरठा येणाऱ्याविषयी काही बोलत नाही, आणि मुखपृष्ठ तर प्रथम त्याच्याविषयीच बोलते. या जागी आपल्या काव्यशास्त्रातील सहृदयाची आठवण होते. अभिनवगुप्तांच्या मते काव्याच्या सततच्या परिशीलनाने ज्याच्या मनाचा आरसा स्वच्छ झाला आहे, तो सहृदय. बाजारातील मुखपृष्ठाला इतकी उसंत नसते. सहृदय घडण्याची वाट न पाहता ते वाटसरूला सांगून टाकते की, तू सहृदय आहेसच; फक्त पैसे काढायचे राहिले आहेत. व्यापाराच्या परिभाषेत अशा वाचकाला ‘लक्ष्य’ म्हणतात, आणि हा शब्द आपल्या मूळ शिकारी अर्थापासून फार दूर गेलेला नाही. नादाला भुलून पारध्याच्या हाती सापडणारे हरीण भारतीय कवितेला काही नवे नव्हे.

फळीवरची व्यवस्थाही या चित्राला आकार देते. नियतकालिके एकावर एक अशी सरकवून मांडली की पुष्कळदा प्रत्येकाची वरची पट्टी आणि डावी कडा तेवढी दिसते. म्हणून नाव माथ्यावर, आणि महत्त्वाची वाक्ये डावीकडे. नियतकालिकाचे नाव पुरेसे परिचित झाले की संपादक ते गायकाच्या डोक्यामागे झाकू देतो. दोन-चार अक्षरे केसांआड गेली तरी वाचक ती मनाने पुरी करतो. अशी पूर्ती करता येणे म्हणजेच त्या कुळातले असणे. ज्याला ती करता येत नाही त्याच्यासाठी तो अंक नाहीच.

आपल्याकडच्या संगीतविषयक नियतकालिकांना या फळीची चिंता फारशी पडली नाही. हाथरसचे हिंदी ‘संगीत’ १९३५ पासून निघते. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या ‘संगीत कला विहार’चे संपादन प्रा. बी. आर. देवधरांनी दीर्घकाळ केले. यांचा वाचक गुरुकुलातला, परीक्षेला बसणारा, बंदिशीची स्वरलिपी शोधणारा. टपालाने घरी येणाऱ्या अंकाला वाटेत कोणाला अडवायचे नसते. मुखपृष्ठाची मोहिनी मराठी वाचकाने अनुभवली ती दिवाळी अंकांत. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांच्या स्त्रियांकडे पाहून घरातल्या कोणाकोणाचा खिसा हलका होत असे, हे जाणकारांना सांगायला नको. पण त्या स्त्रिया अंकातील मजकुराचे प्रतिनिधित्व करीत नसत; त्या सणाच्या होत्या. इंग्रजी संगीत-साप्ताहिकावरचा चेहरा मात्र आत शिरण्याची अटच सांगत असतो.

ही अट वयाप्रमाणे बदलत गेली. १९७८ साली लंडनमध्ये निघालेले ‘स्मॅश हिट्स’ शाळकरी मुलामुलींसाठी होते. आत गाण्यांचे शब्द, बाहेर भडक रंग आणि हसरे चेहरे. चित्र कापून खोलीच्या भिंतीवर लावायचे, हे त्यात गृहीतच धरलेले. १९८१ साली आलेल्या ‘केरँग!’ने तर गिटारच्या कर्कश आघाताचा ध्वनीच नाव म्हणून घेतला आणि त्याची अक्षरे तडा गेलेल्या काचेसारखी काढली. मूक पानावर आवाज उमटवण्याचा याहून सरळ प्रयत्न दाखवणे कठीण आहे. पुढे जुने श्रोते प्रौढ झाले, पगारदार झाले, घरातल्या तबकड्या नव्या कॉम्पॅक्ट डिस्कवर पुन्हा विकत घेऊ लागले. त्यांच्यासाठी १९८६ साली ‘क्यू’ निघाले, आणि त्याच्या पहिल्या मुखपृष्ठावर चव्वेचाळीस वर्षांचे पॉल मॅकार्टनी होते. १९९३ च्या ‘मोजो’ने पहिल्याच अंकावर डिलन आणि लेनन यांना एकत्र आणले, तेव्हा लेननच्या मृत्यूला तेरा वर्षे होत आली होती. वाचकाला स्वतःचे तारुण्य पुन्हा पाहायचे होते. मुखपृष्ठाने ते दाखवले.

तथापि मुखपृष्ठावर येणे म्हणजे नेमके काय, याची परीक्षा ज्या एका नियतकालिकाच्या इतिहासात पुन्हा पुन्हा झाली, ते ‘रोलिंग स्टोन’. सॅन फ्रान्सिस्कोत एकवीस वर्षांचे जॅन वेनर आणि पन्नाशीतले जॅझ-समीक्षक राल्फ ग्लीसन यांनी ते काढले. ९ नोव्हेंबर १९६७ ची तारीख असलेला पहिला अंक साध्या वर्तमानपत्री कागदावर छापलेला, किंमत पंचवीस सेंट. नावाची अक्षरे रिक ग्रिफिन या पोस्टर-चित्रकाराची, म्हणजे त्या शहरातील तरुणांना भिंतीभिंतींवर आधीच भेटलेली. मुखपृष्ठावर जॉन लेनन होता. हातात गिटार नव्हे, डोक्यावर जाळीदार लोखंडी शिरस्त्राण आणि डोळ्यांवर गोल चष्मा. ते ‘हाऊ आय वन द वॉर’ या युद्धाची टर उडवणाऱ्या चित्रपटातील छायाचित्र होते. व्हिएतनामसाठी सक्तीची सैन्यभरती चालू असलेल्या देशात तेच शिरस्त्राण उद्या वाचकाच्या स्वतःच्या डोक्यावर येण्याचा संभव होता. संगीताचे एकही चिन्ह नसलेले हे चित्र संगीताच्या पत्राला इतके शोभले, त्याचे कारण त्यात श्रोत्याची भीती आणि त्याचे हसू दोन्ही होते.

पाचेक वर्षांत या मुखपृष्ठाची प्रतिष्ठा एवढी वाढली की, शेल सिल्व्हरस्टाइन यांनी त्यावर झळकण्याच्या हौसेचीच थट्टा करणारे गाणे लिहिले. ‘डॉक्टर हुक’ या संघाने ते १९७२ साली गायले. व्यापारी नावाची जाहिरात नको म्हणून बीबीसीने ते वाजवण्याचे नाकारले. मार्च १९७३ मध्ये संघाची इच्छा पुरी झाली, पण व्यंगचित्राच्या रूपात, आणि खाली संघाचे नाव न देता ‘कोण ते, नाव आठवत नाही’ अशा अर्थाची ओळ. थट्टेला थट्टेने उत्तर मिळाले, आणि मुखपृष्ठ हा मान आहे हे दोन्ही बाजूंनी त्याच वेळी मान्य करून टाकले.

८ डिसेंबर १९८० या दिवशी अ‍ॅनी लीबोविट्झ न्यूयॉर्कमधील डाकोटा इमारतीत लेननची छायाचित्रे काढण्यासाठी गेल्या. नियतकालिकाला एकटा लेनन हवा होता. लेननचा आग्रह होता की योको ओनो चित्रात असल्याच पाहिजेत. शेवटी जे चित्र निघाले त्यात काळ्या वेषातील योको पाठीवर पहुडल्या आहेत आणि विवस्त्र लेनन गर्भस्थ बालकासारखा पाय दुमडून त्यांना बिलगला आहे. त्याचे डोळे मिटलेले आहेत. त्याच रात्री त्याच इमारतीच्या दाराशी त्याची हत्या झाली. २२ जानेवारी १९८१ च्या अंकावर ते छायाचित्र आले तेव्हा नियतकालिकाच्या नावाखेरीज त्यावर मथळा नव्हता, गायकाचे नाव नव्हते, मृत्यूचा उल्लेख नव्हता. फळीवरचे सगळे नियम येथे मोडले गेले. गायक ग्राहकाकडे पाहत नाही. तो कोणाकडेच पाहत नाही. तरीही हे चित्र ज्यांच्यासाठी होते त्यांना त्याने क्षणात गाठले, कारण तोवर वाचकही त्याच अवस्थेला पोचला होता. २००५ साली अमेरिकेतील नियतकालिकांच्या संपादकांच्या संघटनेने आधीच्या चाळीस वर्षांतील सर्वश्रेष्ठ मुखपृष्ठ म्हणून याचीच निवड केली. व्यवसायाने आपल्या नियमभंगाला दिलेला हा मान थोडा उशिरा मिळाला, पण योग्य जागी गेला.

याच परंपरेची दुसरी बाजू २०१३ साली उघडी पडली. त्या वर्षी १५ एप्रिलला बोस्टन मॅरेथॉनमध्ये बॉम्बस्फोट होऊन तिघे मृत्युमुखी पडले, अडीचशेहून अधिक जखमी झाले. ऑगस्टमधील अंकाच्या मुखपृष्ठावर ‘रोलिंग स्टोन’ने आरोपींपैकी धाकट्याचे, त्यानेच स्वतःचे काढलेले छायाचित्र छापले: विस्कटलेले कुरळे केस, कोवळी दाढी, मृदू नजर. मथळ्यात त्याला राक्षस म्हटले होते. आतला लेख गंभीर, परिश्रमपूर्वक लिहिलेला होता. परंतु संतापाचा आगडोंब उसळला. औषधांच्या दुकानांच्या मोठ्या साखळ्यांनी अंक ठेवण्याचे नाकारले. राज्य पोलिसांच्या एका छायाचित्रकाराने अटकेच्या वेळची, रक्ताने माखलेल्या चेहऱ्याची चित्रे मुद्दाम प्रसिद्धीस दिली. विलक्षण गोष्ट ही की, तेच छायाचित्र मे महिन्यात ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पहिल्या पानावर येऊन गेले होते आणि त्यावर असा गहजब झाला नव्हता.

शब्द बदलल्याने अर्थ बदलतो हे प्रत्येक अभ्यासक जाणतो. येथे चित्राचे रेषामात्रही न बदलता केवळ पीठ बदलले. दैनिकाच्या पहिल्या पानावर चेहरा म्हणजे बातमी. या मुखपृष्ठावर चेहरा म्हणजे सेहेचाळीस वर्षांच्या सवयीने ‘हा आपला’. मथळ्यातील राक्षस हा शब्द त्या सवयीपुढे लंगडा पडला. संपादकांचा बचाव असा होता की, हा तरुण त्यांच्या पुष्कळ वाचकांच्याच वयोगटातला आहे, आणि म्हणूनच तो असा कसा झाला हे पाहिले पाहिजे. बचाव प्रामाणिक असेल. पण दोष नेमका तेथेच होता. वाचकाला आरशासमोर उभे करण्याची कला ज्यांनी घडवली, त्यांना आरशात कोण दिसेल याचा अंदाज आला नाही. अंक मात्र दुकानांतून नेहमीपेक्षा जास्त खपला, आणि ही गोष्ट बचावापेक्षा अधिक अस्वस्थ करते.

आरशात कोण येत नाही, हा प्रश्नही उरतोच. ‘रोलिंग स्टोन’च्या दुसऱ्याच अंकावर टीना टर्नर होत्या, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात नसते. २०२३ साली वेनर यांनी आपण घेतलेल्या मुलाखतींचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात सात संगीतकार, सातही गोरे पुरुष. स्त्रिया व कृष्णवर्णीय कलावंत का नाहीत, या प्रश्नाला त्यांनी दिलेल्या उत्तराचा आशय, ते त्या बौद्धिक पातळीवर बोलके नाहीत, असा होता. दुसऱ्या दिवशी ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’च्या संचालक मंडळातून त्यांना दूर करण्यात आले, पुढे त्यांनी क्षमा मागितली. अर्धशतकभर कोणाचा चेहरा छापावा हे ठरवणाऱ्याच्या मनात श्रोत्याची कोणती मूर्ती बसली होती, ते त्या उत्तरात उघड झाले.

जुलै २०१८ पासून ‘रोलिंग स्टोन’ पाक्षिकाचे मासिक झाले, कागद जाड झाला, आकार पुन्हा वाढला. त्या पहिल्या मासिक अंकावर कार्डी बी आणि ऑफसेट हे कृष्णवर्णीय दांपत्य होते, ती गर्भवती. लंडनचे ‘न्यू म्युझिकल एक्सप्रेस’ त्याच वर्षीच्या मार्चमध्ये साप्ताहिक म्हणून छापायचे थांबले होते, आणि जेथे थबकून पाहावे अशी वृत्तपत्रविक्रेत्यांची दुकानेही कमी होत चालली होती.