भाषणाची भीती, छातीची धडधड आणि थोडी तयारी

ऑगस्ट जवळ आला की माझ्या ओपीडीत काही वेगळे पेशंट येऊ लागतात. ताप नाही, खोकला नाही, जुलाब नाहीत. पण छातीत धडधड होते, हाताला घाम सुटतो, रात्री झोप लागत नाही. दोन-तीन प्रश्न विचारले की खरे कारण बाहेर येते : १५ ऑगस्टला बोलायचे आहे. कुणी नवीन सरपंच असतात, कुणी शिक्षक, कुणी बचत गटाच्या अध्यक्ष, तर कुणी पुण्या-नागपूरला शिकणारा मुलगा, ज्याचे कॉलेजमध्ये सेमिनार आहे.

काही वाचक म्हणतील, डॉक्टरांनी बीपी-शुगर सोडून भाषणाचे धडे कधीपासून सुरू केले? पण ही भीती शरीरात घडते, म्हणजे ती आमच्याच खात्यातली. शिवाय आमच्या आर्णी तालुक्यात चार वाक्ये नीट पोहोचली नाहीत तर काय होते, हे मी पाहिले आहे. ते पुढे सांगतो.

शरीरात नेमके काय होते?

समोर माणसे बसलेली, सगळ्यांचे डोळे आपल्यावर. मेंदू याला धोका समजतो. तो धोका वाघाचा आहे की ग्रामसभेचा, हा फरक मेंदूचा तो जुना भाग करत नाही. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन छोट्या ग्रंथी अॅड्रेनालीन रक्तात सोडतात. हृदय जोरात चालते, कारण पळायचे किंवा लढायचे तर स्नायूंना रक्त हवे. त्वचेकडचे रक्त कमी होते म्हणून हात गार पडतात. लाळ कमी होते म्हणून जीभ टाळूला चिकटते. पोटात गुडगुड होते आणि तीनदा लघवीला जावेसे वाटते. हात थरथरतात, आणि हातात कागद असला की ती थरथर शेवटच्या रांगेलाही दिसते. म्हणून सुटा कागद धरू नका, पुठ्ठ्यावर लावून धरा किंवा टेबलावर ठेवा.

यात दिलासा असा की अॅड्रेनालीन रक्तात फार वेळ टिकत नाही. बहुतेकांची धडधड पहिल्या काही मिनिटांत सर्वांत जास्त असते, नंतर उतरते. म्हणजे सांभाळायची ती सुरुवात. पहिली तीन वाक्ये झोपेतून उठवले तरी म्हणता येतील इतकी पाठ हवीत. बाकीचे भाषण पाठ करू नका. पाठ केलेल्या भाषणातला एक शब्द निसटला की मागचे सगळे डबे रुळावरून घसरतात.

श्वासाचा उपायही सोपा आहे. नाकाने चार आकडे मोजेपर्यंत श्वास घ्या, सहा किंवा आठ मोजेपर्यंत सोडा. श्वास सोडताना हृदयाचा वेग थोडा कमी होतो, म्हणून सोडणे लांब हवे. खुर्चीवर बसूनच पाच-सहा वेळा करा, शेजारच्याला कळतही नाही. मात्र जोरजोरात भराभर श्वास घेऊ नका, त्याने उलट चक्कर येते आणि बोटांना मुंग्या येतात.

"सर, एखादी गोळी द्या ना"

हे हमखास विचारले जाते. हृदयाची गती कमी करणारी प्रोप्रॅनोलॉल नावाची गोळी काही जण मित्राच्या सांगण्यावरून मेडिकलमधून परस्पर आणतात. असे करू नका. दमा असलेल्याला या गोळीने जोराचा अटॅक येऊ शकतो. नाडी आधीच मंद असेल तर ती धोक्याची आहे. इन्शुलिन घेणाऱ्यांची शुगर कमी झाली तर धडधड हे सूचनेचे लक्षण असते, तेच ही गोळी झाकून टाकते. निवडक पेशंटला आम्ही ती देतोही, पण तपासून. झोपेच्या गोळ्यांनी जीभ जड होते. आणि "थोडीशी घेतली की मोकळं बोलता येतं" म्हणणाऱ्यांना मी एवढेच सांगतो की ते मोकळे बोलणे ऐकणाऱ्यांना विचारून पाहा.

सगळी धडधड भाषणाचीच असते असेही नाही. भाषण नसतानाही छाती धडधडत असेल, वजन उतरत असेल, हात कायम थरथरत असतील तर थायरॉइड तपासावे लागते. बायकांमध्ये रक्त कमी असणे हे आमच्याकडे फार सापडणारे कारण. चालताना छातीत दुखणे किंवा भोवळ येऊन पडणे, हे भाषणाच्या नावावर ढकलू नका. आणि चारचौघांत बोलण्याच्या भीतीने कुणी कॉलेज सोडत असेल, नोकरीची मुलाखत टाळत असेल, तर तो आजार आहे आणि त्यावर समुपदेशनाचे चांगले उपचार आहेत. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, तिथे मराठीत बोलता येते.

एका आशाताईंचे भाषण

आता तयारीबद्दल. जवळच्या एका गावच्या आशाताई माझ्याकडे आल्या. ईसीजी काढला, रक्त तपासले, सगळे ठीक. मग म्हणाल्या, "सर, रात्री-बेरात्री बाया बाळंतपणाले नेल्या, कधी भ्यायली नाही. पण माइक हाती आला का माहे पाय कापतात." ग्रामसभेत त्यांना फवारणीच्या विषबाधेवर बोलायचे होते.

हा विषय आमच्या जिल्ह्यात साधा नाही. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली आणि वीसहून अधिक माणसे दगावली. कपाशी उंच वाढली होती, फवारा थेट तोंडावर, छातीवर येत होता. यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात अशा पेशंटची रांग लागली होती. ताईंच्या गावातलाही एक जण त्या वेळी अॅडमिट होता. तो वाचला, पण त्याची आई ग्रामसभेला येणार होती.

ताईंनी वहीत चार पाने लिहून आणली होती. एखाद्या पुस्तिकेतून उतरवलेली असावीत : कीटकनाशकांचे प्रकार, शरीरावरील परिणाम, प्रतिबंधात्मक उपाययोजना. सगळे बरोबर होते. मी वही बाजूला ठेवली आणि विचारले, "ताई, सभा संपल्यावर लोकांनी घरी जाऊन कोणती एक गोष्ट वेगळी करावी असं तुम्हाला वाटते?"

त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "फवारताना खर्रा खाऊ नये."

इथून भाषण सुरू झाले. ज्या हाताने औषध कालवले त्याच हाताने खर्रा तोंडात जातो, ही आमच्या भागातली रोजची गोष्ट. पुस्तिकेत ती "फवारणीदरम्यान खाणे, पिणे, धूम्रपान टाळावे" अशी असते. असे वाक्य कुणाच्याही कानावरून निघून जाते. खर्रा म्हटले की माणूस खिशाला हात लावतो.

मग आणखी दोनच गोष्टी ठरवल्या. एक, वाऱ्याच्या उलट दिशेने फवारायचे नाही, आणि भर दुपारी तर नाहीच. दुसरी, डोळ्यांतून-नाकातून पाणी, तोंडाला लाळ, अंधुक दिसणे, उलटी, अंग फडफडणे, दम लागणे यातले काही झाले तर काम थांबवून कपडे काढायचे, साबण-पाण्याने अंग धुवायचे आणि दवाखान्यात येताना औषधाची बाटली बरोबर आणायची. उलटी करवायची नाही. बाटली कशाला, तर काही कीटकनाशकांवर अॅट्रोपिनसारखे उतारे आहेत, काहींवर थेट उतारा नाही. डब्यात काय होते हे कळले तर आमची पंधरा मिनिटे वाचतात, आणि त्या पंधरा मिनिटांत पुष्कळ काही होते.

बाकीची पाने आम्ही सोडून दिली. ताईंना हळहळ वाटली, मेहनतीने लिहिले होते त्यांनी. पण दहा मिनिटांत तीन गोष्टी लक्षात राहतात, तेरा नाही.

दाखवायला काय न्यायचे? फवारणीचा रिकामा, नवा पंप आणि औषधाच्या डब्याचा मोठा केलेला फोटो, ज्यात रंगीत त्रिकोण ठळक दिसतो. लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. अक्षर न वाचता येणाऱ्यालाही रंग वाचता येतो.

राहिली सुरुवात. माझ्या मनात होते की त्या अॅडमिट झालेल्या मुलाच्या गोष्टीने सुरू करावे. ताई म्हणाल्या, "नाही सर. त्याची माय समोर बसली राहीन." त्यांचे बरोबर होते. श्रोत्यांना आमच्यापेक्षा त्या जास्त ओळखत होत्या. त्यांनी स्वतःच एक प्रश्न शोधला : "फवारणीचे कपडे घरी कोण धुते?"

ग्रामसभेत हा प्रश्न पडला तेव्हा मी मागे उभा होतो. पुरुष गप्प. मग बायकांच्या बाजूने एक आवाज आला, "आमीच धुतो, अन् कोन?" आणि मग चर्चा त्यांच्या हाती गेली : ते कपडे बाकीच्या धुण्यात घालायचे का, कोणत्या बादलीत, लेकराला त्याच हातांनी घ्यायचे का. ताईंना माइकची गरजही उरली नाही. त्या मुलाची आई शेवटी उठली आणि तिने सांगितले की तिच्या पोराला आधी उन्हाची चक्कर समजून अर्धा दिवस घरीच झोपवले होते. तिला कुणी बोल म्हटले नव्हते.

प्रश्न विचारणारे बाबा

प्रश्नाने सुरुवात करायची ही रीत वऱ्हाडाला नवी नाही. १८७६ मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावला जन्मलेले गाडगेबाबा कीर्तनात हेच करत. लोकांना त्यांच्याच वऱ्हाडी बोलीत सोपे प्रश्न विचारायचे, उत्तर त्यांच्या तोंडून काढायचे आणि त्या उत्तरावर पुढचा प्रश्न. शाळा न शिकलेला हा माणूस हजारोंची सभा बांधून ठेवत असे. दिवसा खराट्याने गाव झाडायचे आणि रात्री स्वच्छतेवर बोलायचे. ऐकणाऱ्याने सकाळी ते पाहिलेले असायचे. ही तयारी कोणत्याही पीपीटीत बसत नाही.

दुसऱ्या टोकाला आपल्याच जिल्ह्यातल्या वणीचे प्राचार्य राम शेवाळकर, संस्कृत-मराठीचे पंडित, व्याख्यानांसाठी महाराष्ट्रभर ओळखले गेलेले. दोघांची भाषा अगदी वेगळी. कुणाची नक्कल करायची हे ठरवण्याआधी आपल्यासमोर कोण बसले आहे ते पाहा, आणि खरे तर नक्कल करूच नका.

सेमिनारवाल्या मुलांसाठी

पीपीटीबद्दल थोडक्यात. स्लाइडवर सगळे लिहून ती वाचून दाखवणे म्हणजे ऐकणाऱ्याला दोन कामे देणे. तो वाचतो तरी किंवा ऐकतो तरी. एका स्लाइडवर एक मुद्दा किंवा एक चित्र ठेवा. अक्षरे शेवटच्या बाकावरून दिसतात का, ते स्वतः तिथे बसून पाहा. लाइट जाईल असे गृहीत धरा आणि स्लाइडशिवायही बोलता येईल इतके तयार राहा, आर्णीकरांना हे वेगळे सांगायला नको. सराव मनातल्या मनात करू नका, उभे राहून मोठ्याने करा, घड्याळ लावून, घरातल्या एखाद्यासमोर. मधेच काही आठवले नाही तर थांबा, पाण्याचा घोट घ्या. तुम्हाला युगासारखे वाटणारे ते चार सेकंद ऐकणाऱ्याला जाणवतही नाहीत.

आणि घसा

भाषणाच्या दिवशी पाणी थोडे-थोडे पीत राहा. चहावर चहा नको. घसा सारखा खाकरू नका, त्याने स्वरयंत्राच्या पट्ट्या एकमेकींवर आपटतात. माइक असताना ओरडू नका. आवाज बसला असेल तर कुजबुजूही नका, त्यानेही पट्ट्यांवर ताण येतो, सरळ गप्प राहा. तीन आठवड्यांहून जास्त आवाज बसलेला असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरयंत्र तपासून घ्या. तंबाखू, खर्रा, बिडी यांची सवय असणाऱ्यांनी तर तीन आठवड्यांचीही वाट पाहू नये.