करडीचं दूध

ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, कारळाची नाहीतर जवसाची चटणी आणि तिच्यावर करडीच्या तेलाची धार. लातूर-नांदेडकडच्या कोरडवाहू घरातलं हे रोजचं ताट. त्यात जनावराचं काही नसायचं आणि त्याचं कुणी कौतुकही करत नसे. 1944 साली इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन आणि त्याच्या सोबत्यांनी व्हीगन सोसायटी काढली, तेव्हा आमच्याकडं निजामाचं राज्य होतं. दूध न खाणं ही इथं आवडनिवड नव्हती. म्हैस दारात असली तरी दूध विकायला जायचं. लेकरांच्या वाट्याला ताक.

त्यामुळं भाची येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येच्या रानातल्या सणाला, पुण्याहून आली आणि "मामा, मी व्हीगन झालेय" म्हणाली, तेव्हा आईला त्यात नवल वाटलं नाही. "दूध नको म्हणतीस, मंग खीर कशाची खातीस?" एवढं विचारून तिनं करडी भिजत घातली.

रातभर भिजलेली करडी वाटायची म्हणजे कष्टच. टरफल टणक, मिक्सर कण्हत कण्हत फिरतो. मग पांढऱ्या धोतराच्या फडक्यात ते वाटण घालून पिळायचं. पहिली धार दाट, सायीसारखी. चोथ्यात पाणी घालून पुन्हा पिळायचं, ते पातळ. त्यात गव्हाची भरड आणि गूळ घालून मंद आचेवर हलवत राहायचं. चव किंचित कडसर, पण जिभेवर स्निग्ध रेंगाळणारी. गाईच्या दुधाची नक्कल ती करत नाही, आणि मला तेच आवडतं.

दुसऱ्या दिवशी रानात भाचीनं भज्जी भरपूर खाल्ली, बाजरीचे उंडे, तिळाची पोळीही. आंबिलीचं मडकं मात्र तिनं तसंच पुढं सरकवलं, कारण त्यात ताक. चुलते हिरमुसले. येळवशीला आंबील नको म्हणणारं माणूस त्यांनी पाहिलंच नव्हतं.

"दुधासाठी गाय गाभण ठेवायची, मग गोऱ्हा झाला तर त्याचं काय करता?" तिनं विचारलं. देवणी लातूरची, लाल कंधारी नांदेडची. या गाई इथं जपल्या त्या मुख्यतः बैलांसाठी. आता नांगरट ट्रॅक्टर करतो. 2015 च्या गोवंश हत्याबंदी कायद्यानं बैल कसायाकडं जात नाही आणि दुष्काळात कडबा परवडत नाही. चुलते गप्प बसले. मीही. डेअरीच्या पगारावर घर चालवणाऱ्या बाईला दूध सोड म्हणायची माझी छाती नाही, पण भाचीचा प्रश्न खोटा नव्हता. बी-12 ची गोळी तेवढी घे, म्हणालो. ते ना ज्वारीत, ना करडीत.

करडी तरी आता कुठं दिसते? काटे, काढणीला मजूर नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठानं 'परभणी कुसुम' हे वाण दिलं, तरी शिवार सोयाबीननं भरलं. तेही आम्ही खात नाही. तेल निघतं, पेंड कोंबड्यांच्या खाद्यात जाते, आणि सोयाच्या दुधाचे खोके शहरातल्या दुकानात मांडलेले. 2024-25 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4892 रुपये होता. बाजारात तेवढा मिळेना.

जाताना भाचीनं किलोभर करडी मागितली. आमच्या रानात करडी नव्हती, दुकानातून आणून दिली. सोयाबीनची पोती मात्र भावाची वाट बघत घरातच पडून होती.