माघारी येणाऱ्याचा अर्ज

शासनसेवेत विनापरवानगी गैरहजर राहून परतलेल्याकडून प्रथम लेखी खुलासा मागविण्याचा शिरस्ता आम्ही पाळला. म्हणूनच लूककृत शुभवर्तमानाच्या १५व्या अध्यायातील उधळ्या पुत्राचा दाखला आम्हांस विशेष वाटतो. वाट्याची मालमत्ता उडवून डुकरे चारण्याची पाळी आलेला तो मुलगा, मोलकरी म्हणून ठेवून घेण्याची विनंती मनाशी जुळवून घराकडे निघतो. बाप त्याला दुरूनच पाहून धावतो. अपराधाची कबुली तो ऐकतो. मोलकऱ्याची विनंती मात्र ओठांवर येण्यापूर्वीच झगा, अंगठी व जोडे मागवितो. पुत्रपण अर्जावर मिळत नसते. थोरला भाऊ रुसून बाहेरच थांबतो. तो आत गेला की नाही, हे दाखला सांगत नाही. आयुष्यभर नियमाने चाललेल्या आम्हांस तेच अधिक सतावते: घर न सोडलेल्यालाही परतावे लागते काय?