मीठ आणि दोन गोळ्या

स्टिरॉइड म्हटलं की आमच्या गावात माणूस दचकतो. त्याचं कारणही आहे. गुडघे दुखतात म्हणून कोणीतरी पुडीतून गोळ्या देते, माणूस आठ दिवसांत पळायला लागतो, वर्षभरात तोंड सुजते, हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते. मग एक दिवस गोळ्या एकदम बंद केल्या की माणूस अंथरूण धरतो. त्यामुळे मी रोज स्टिरॉइड घेतो हे कळल्यावर शेजारचे पाटील म्हणाले, "भाऊ, सोडून द्या थे. जहर हाय."

माझी गोष्ट वेगळी आहे. आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन लहान ग्रंथी असतात. त्या शरीरापुरतं स्टिरॉइड रोज स्वतःच तयार करतात. पहाटे जास्त, रात्री कमी. माझ्या ग्रंथी बंद पडल्या. लंडनच्या थॉमस अ‍ॅडिसन नावाच्या डॉक्टरनं 1855 साली हा रोग लिहून ठेवला, त्याचंच नाव त्याला पडलं. आपल्या देशात क्षयानंही या ग्रंथी जातात. माझ्या बाबतीत शरीरच त्यांच्यावर उलटलं, आणि थायरॉईडवरही. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनाही हे दोन्ही होते. एवढ्या मोठ्या माणसाच्या रांगेत मी बसलो तो असा!

रोग उमगायला दीड वर्ष गेलं. अंग काळं पडत गेलं. तळहाताच्या रेषा अन् हिरड्यासुद्धा. लोक म्हणत, वावरातलं ऊन लागलं. आता तोंडात कुठचं ऊन पडते? वजन उतरलं, उठलो की डोळ्यांपुढं अंधारी, आणि मिठाची अशी ओढ की मी बरणीतून चिमूट घेऊन चाटायचो. त्यातच एका दवाखान्यात रक्त तपासलं, थायरॉईड कमी निघालं, तेवढीच गोळी सुरू झाली. पंधरा दिवसांत मी उभा राहीनासा झालो. उलट्या, रक्तदाब पार खाली. मुलानं गाडी करून मोठ्या दवाखान्यात नेलं तेव्हा मी अर्धा शुद्धीवर होतो.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. पऱ्हाटीला ताण बसला असताना कोरड्या जमिनीत युरिया टाकला तर पीक करपते. आधी ओल पाहिजे, मग खत. थायरॉईडची गोळी म्हणजे युरिया. ती शरीराचं चाक जोरानं फिरवते, आणि उरलंसुरलं स्टिरॉइड लवकर संपवते. म्हणून आधी स्टिरॉइड, मग थायरॉईड. तो क्रम बसला आणि महिन्याभरात मी वखराच्या मागं चालायला लागलो.

आता रोजचं असं. उठल्याबरोबर उपाशीपोटी थायरॉईडची गोळी, पाण्यासोबत. चहा तासाभरानं. मग भाकरीसोबत हायड्रोकॉर्टिसोन, सकाळी जास्त, दुपारी कमी. शरीरात मीठ धरून ठेवणारी आणखी एक बारीक गोळी. ही औषधं आमच्या गावच्या दुकानात मिळत नाहीत, म्हणून वर्ध्याहून आणतो आणि महिन्याभराची जास्तीची डब्यात ठेवतो. पूर आला, रस्ता बंद झाला, तरी गोळी चुकता कामा नये. आमच्या वयाच्या सगळ्यांना डॉक्टर मीठ कमी करा म्हणतात, मला मात्र मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत वावरात जायचं तर मिठाचं ताक घेऊन जा म्हणतात. खाल्ल्या मिठाला जागणं आम्ही ऐकलं होतं, मी मिठावर जगतो.

खरी परीक्षा तापाची. निरोगी माणसाला ताप आला की त्याच्या ग्रंथी आपोआप जास्तीचं स्टिरॉइड सोडतात. माझं शरीर ते करू शकत नाही, म्हणून गोळी आपणच वाढवायची. गेल्या पोळ्याच्या आदल्या रात्री मला हुडहुडी भरली. बायको म्हणाली, "ताप उतरते का थे पाहत बसू नका जी. दुप्पट घ्या." घेतली, ती उलटून पडली. दुसरी घेतली, तीही. तिनं मुलाला उठवलं. पोटात गोळी टिकत नाही म्हणजे इंजेक्शन, आणि तेही लगेच, हे तिला पाठ होतं. तालुक्याच्या दवाखान्यात तिनं माझ्या खिशातलं कार्ड काढून तरुण डॉक्टरसमोर ठेवलं. "यायची स्टिरॉइडची गोळी टिकून नाही राहिली. आधी थे इंजेक्शन द्या, बाकी मग तपासा." ती चौथी शिकलेली. डॉक्टरनं कार्ड वाचलं आणि इंजेक्शन दिलं, शिरेतून मिठाचं पाणी लावलं. उजाडता मी बैल कोण सजवते म्हणून विचारायला लागलो.

पाटलांना मी एवढंच सांगितलं, ज्याच्या विहिरीला झरा आहे त्याला बाहेरचं पाणी जास्त झालं तर चिखल होतो. माझ्या विहिरीचा झराच आटला. मी रोज दोन घागरी ओततो, तेवढ्यावर घर चालते. त्या दिवसापासून ते मला गोळी सोड म्हणत नाहीत. वर्ध्याला निघाले की विचारतात, "भाऊ, तुमचं औषध आणाचं हाय का?"