सरळ रस्त्याची झीज

इंदूरच्या जुन्या मराठी घरांना आग्रा-मुंबई रस्ता नकाशात शोधावा लागत नाही. लग्नकार्य असो, गणपती असो की कोणाचे दिवसकार्य असो, नाशिक-पुण्याकडे जाण्याची आपली वाट ती हीच. आमच्या वडिलांच्या पिढीने ती रात्रीच्या बसमध्ये पेंगत काटली. आम्ही सात-आठ जण गेली पंधरा वर्षे तीच वाट मोटारसायकलींवरून तुडवीत आहोत. आमच्यात निवृत्त प्राध्यापक आहेत, बँकेतले अधिकारी आहेत, दातांचे एक डॉक्टर आहेत आणि आपापली स्वतंत्र गाडी चालविणारे एक दांपत्यही आहे. आमच्या गाड्या 'स्पोर्ट टूरिंग' जातीच्या म्हणतात तशा, म्हणजे दिवसभर सामानासह धावणाऱ्या आणि तरीही घाटात लवचीकपणे वळणाऱ्या. या दोन्ही अपेक्षांचा भार अखेर ज्यावर पडतो, त्या टायरविषयी चार शब्द लिहावेत असे बरेच दिवस मनात होते.

टायर ही वस्तू तशी दुर्लक्षितच. चार्ल्स गुडइयरला १८३९ मध्ये गंधक मिसळून रबर तापविण्याची युक्ती सापडली आणि १८८८ मध्ये बेलफास्ट येथील डनलॉप या पशुवैद्याने हवेचा टायर प्रचारात आणला, एवढे आपण शाळेत केव्हातरी ऐकलेले असते. मूळचे रबर पांढुरकेच. त्यात विशिष्ट काजळी मिसळल्याने त्याची झीज कमी होते आणि टायरला हा काळा रंग येतो. अलीकडे ओल्या रस्त्यावर पकड राहावी म्हणून सिलिकाही मिसळतात. परंतु चालविणाऱ्याच्या दृष्टीने या सर्वांहून महत्त्वाची गोष्ट आहे ती टायरचा आकार.

मोटारीचा टायर रस्त्यावर सपाट टेकतो. मोटारसायकलचा टायर आडव्या छेदात गोलसर असतो, कारण ही गाडी वळते ती कलून. गाडी सरळ उभी असताना टायरचा मध्यभाग रस्त्याला लागतो. ती कलली की स्पर्शाची जागा त्या गोलाईवरून हळूहळू कडेकडे सरकते. ही जागा तळहाताएवढीच काय ती. अशा दोन तळहातांवर गाडी, सामान, चालविणारा आणि मागे बसलेले माणूस असे सर्व तोललेले असते. गोलाई अखंड असेल तर गाडीचे कलणे इतके सहज होते की ते जाणवतही नाही.

आता आपला रस्ता पाहावा. राऊ सोडले की मानपूर, पुढे उतारावरील अपघातांसाठी वर्षानुवर्षे कुप्रसिद्ध असलेला गणपती घाट, मग निमाडचा सखल प्रदेश, खलघाटला नर्मदा, जुलवानिया, सेंधवा, सातपुड्यातला बिजासनचा घाट आणि खाली उतरून शिरपूर-धुळे. एवढ्या प्रवासात वळणे म्हणण्यासारखी जागा थोडी. बाकी सारा चौपदरी, सरळ रस्ता. वैशाख-ज्येष्ठात निमाडातले डांबर तव्यासारखे तापते. इंजिनाचा जोर मागील चाकातून रस्त्यावर उतरतो आणि तो सारा टायरच्या मधल्या पट्ट्यावर पडतो. पट्टा झिजत जातो, कडा मात्र जवळजवळ कोऱ्या राहतात. काही हजार किलोमीटरांनंतर गोल टायर मध्ये चपटा होतो, आणि चपट्या भागाच्या दोन्ही बाजूंना न दिसणारी धार तयार होते. अशा गाडीला वळवायचे म्हणजे प्रथम त्या धारेवर चढवायचे. तोवर ती आडून बसते, आणि धार ओलांडली की एकदम कलते. रस्त्यावर लांबट चर असतील तर त्यांच्यामागे ओढली जाते ती निराळीच.

हे सर्व आम्हांला पुस्तकातून ठाऊक होते. त्याचा खरा अर्थ उमगला तो आमच्या अण्णांमुळे. अण्णा आमच्यातले वडीलधारे; त्या वर्षी त्यांना चौसष्टावे लागले होते. महेश्वरचे दर्शन घेऊन आम्ही मंडलेश्वरवरून जाम गेटच्या घाटाने महूकडे चढत होतो. अहिल्याबाईंच्या काळात, १७९१ मध्ये, उभारलेला तो दरवाजा घाटमाथ्यावर आहे आणि त्याच्या अलीकडे वळणांची चांगलीच रेलचेल आहे. रस्ता दुपदरी. एका डाव्या वळणावर अण्णांची गाडी हवी तशी कलली नाही आणि मधली रेघ ओलांडून पलीकडे गेली. समोरून दुधाची गाडी येत होती. त्या चालकाने वेळीच ब्रेक लावला म्हणून कोणालाही ओरखडा उमटला नाही. अण्णांच्या मागे वहिनी बसलेल्या होत्या.

घरी पोचल्यावर वहिनी एवढेच म्हणाल्या, "आता पुरे." मुलाने गाडी विकण्याचा विषय काढला. नातेवाइकांनी वयाचा हिशेब मांडला. सर्वांत वाईट असे की, अण्णांनाही तो पटला होता. ते म्हणाले, "गेले वर्षभर पाहतो आहे, गाडी जड वाटते. वळणापूर्वी मन कचरते. हातातले गेले म्हणायचे." ज्या गृहस्थांनी आमच्यातील निम्म्या मंडळींना घाट चढायला शिकविले, त्यांच्या तोंडचे हे वाक्य ऐकून कोणालाच काही सुचेना.

गाडी विकण्यापूर्वी डागडुजी करावी म्हणून आम्ही दोघे-तिघे अण्णांबरोबर टायरच्या दुकानात गेलो. दुकानदाराने गाडी स्टँडवर चढवून मागील टायरवर पोलादी पट्टी आडवी धरली. नव्या टायरला अशी पट्टी एका जागीच टेकते. येथे ती मध्यावर चांगली तीन बोटे रुंद चिकटून बसली. तो म्हणाला, "भिया, टायर बीच में से चपटा हो गया है, गाड़ी क्या मुड़ेगी!" टायर अकरा हजार किलोमीटर धावला होता. मध्यभागी खाचांची खोली दोन मिलिमीटरांच्या आसपास होती. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे दुचाकीला किमान ०.८ मिलिमीटर पुरते, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने टायर निर्दोष. बाजूने पाहिले तर कडांची नक्षी नव्यासारखी. पुढील टायर चपटा नव्हता, पण ब्रेकच्या ताणाने त्याचे ठोकळे एका बाजूने उतरते झिजले होते. हँडलमधली बारीक थरथर त्यामुळेच.

दोन्ही टायर बदलले. मधे टणक आणि कडांना मऊ रबर असलेले घेतले, कारण सरळ रस्त्यावर टिकाऊपणा हवा आणि वळणावर पकड. नव्या टायरचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो, म्हणून पहिले दीडशे किलोमीटर अण्णांनी गाडी संथपणे चालविली. मग एका रविवारी पुन्हा जाम गेट. वहिनी त्या दिवशी मुलाच्या मोटारीतून मागोमाग आल्या. घाट उतरून अण्णा थांबले, हेल्मेट काढले आणि म्हणाले, "हिला काही सांगावे लागत नाही." परतीच्या चढाला वहिनींनी मुलाजवळून हेल्मेट मागून घेतले आणि न बोलता मागे जाऊन बसल्या.

यावरून वय म्हणजे काहीच नव्हे असा अर्थ कोणी काढू नये. अण्णांनी स्वतःहूनच रात्रीचा प्रवास सोडला आहे आणि ऐन पावसाळ्यात ते गाडी बाहेर काढत नाहीत. वयाचा हिशेब वेगळा आणि टायरचा वेगळा. दोन्ही एकाच खात्यात मांडू नयेत, एवढेच आमचे म्हणणे.

कारण झीज ही फार सभ्यपणे येते. पंक्चर झाले तर आवाज होतो, हवा जाते, आपण थांबतो. झीज रोज केसाएवढी. गाडी कालच्यापेक्षा आज जड झाली असे कधीच वाटत नाही. तिच्या हट्टाला हात रोज थोडा अधिक जोर लावून उत्तर देतो, आणि तो जोरच सवयीचा होतो. शेवटी गाडीची खोड आपलाच अशक्तपणा भासू लागते. आमच्यातील डॉक्टरांच्या गाडीवर त्यांच्या पत्नी मागे बसतात. त्यांना ही खोड डॉक्टरांच्या आधी कळते, कारण त्यांच्या हातात हँडल नसते; वळणावर गाडी अडखळली की ती अडखळणे त्यांना तसेच्या तसे जाणवते.

म्हणून आम्ही आता काही नेम पाळतो. हवा निघण्यापूर्वी, टायर थंड असताना तपासावी. तापल्यावर मोजलेला आकडा खरा नसतो. मागे माणूस आणि सामान असेल तर कंपनीने त्यासाठी सांगितलेला दाब भरावा. टायरच्या कडेवर चार आकडे कोरलेले असतात: '१८२३' म्हणजे २०२३ सालच्या अठराव्या आठवड्यात बनलेला. नक्षी शाबूत असली तरी जुने रबर कडक होते, हे विसरू नये. आणि महिन्यातून एकदा मागील टायरवर पट्टी आडवी धरावी. या पट्टीला पैसे पडत नाहीत. पहिला पाऊस आणि धुळीने माखलेले डांबर एकत्र आले म्हणजे चपट्या टायरवरचा भरवसा किती महाग पडतो, ते मात्र सांगायला नको.

वाचकहो, आपल्यातील पुष्कळांनी मोटारसायकल केव्हाच सोडली असेल. तरीही आपल्या घरातला कोणी वडीलधारा एके दिवशी म्हणाला की, आता माझ्याने होत नाही, तर मान डोलविण्याआधी तो रोज जे चालवितो, वापरतो, वाचतो त्या वस्तूकडे एकवार पाहावे. चष्म्याचा नंबर, जिन्यातला दिवा, गाडीचा टायर, काहीही असेल. माणूस खरोखरच थकला असेल तर ते उद्याही कळेल. टायर मात्र आजच पाहता येतो.