"एकही कामगार कमी केला नाही." मग ही पोरं कोण?

चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीनं माणसं कमी केली, असं कळलं. बातमीसाठी फोन लावला. एचआरचे साहेब शांतपणे म्हणाले, "आमचा एकही कामगार कमी झालेला नाही."

साहेब खोटं बोलत नव्हते. गेली ती पोरं ठेकेदाराची होती, काही ट्रेनी होती. त्यांना नोटीस नाही, हिशोब नाही. ठेकेदाराचा व्हॉट्सअॅपवर मेसेज, "उद्यापासून येऊ नका." विषय संपला.

बीड, नांदेड, हिंगोलीकडची पोरं. एका खोलीत पाच जण. खोलीभाडं, मेस, गाडीचा हप्ता आणि उरलं तर गावाकडं पैसे. मशीन तेच, शिफ्ट तीच, शेजारचा पर्मनंट माणूस करतो तेच काम. पगार मात्र निम्माही नाही.

ग्यानबाची मेख कुठं आहे बघा. वर्षात 240 दिवस भरले की कामगाराला कपातीच्या वेळी नोटीस द्यावी लागते, शिवाय नोकरीच्या दर वर्षामागे 15 दिवसांचा पगार भरपाई म्हणून. म्हणून सात महिने झाले की ब्रेक! मग नवा ठेकेदार, नवं कार्ड, पुन्हा पहिला दिवस. शिकाऊ उमेदवाराचं तर आणखी सोपं. 1961 च्या कायद्यानं तो कामगारच नाही. कपातीआधी सरकारची परवानगी घ्यायची अट पूर्वी 100 कामगारांच्या कारखान्याला होती, 2020 च्या संहितेनं ती 300 वर नेली.

2019 ची मंदी आठवा. गाड्या खपेनात, तेव्हा सगळ्यात आधी हीच पोरं बॅगा भरून गावी गेली. तेजीत ओव्हरटाइमला हीच, मंदीत घरी बसायलाही हीच.

माझी मागणी साधी आहे. कपात झाली की कामगार खात्यानं ठेक्यावरची माणसंही मोजावीत. मोजलीच नाहीत तर त्यांची नोकरी गेली हे कागदावर येणार कसं?

आणि पोरांनो, कार्ड जमा करण्याआधी त्याचा फोटो काढा. पगाराच्या स्लिपा, हजेरीचे मेसेज, पीएफचं पासबुक जपून ठेवा. ठेकेदारानं पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी कायद्यानं मूळ कंपनीवर येते. पण त्यासाठी हातात कागद लागतो.

ओळखीत कुणी कंपनीत ठेक्यावर असेल तर त्याच्यापर्यंत एवढं पोचवा.