घुमट आबांचे, कोंबडा शेजारचा

मी फावल्या वेळात संगणकावर संगीत करतो हे ऑफिसात कळले तेव्हा पहिला प्रश्न ठरलेलाच होता. "म्हणजे हणजूणच्या पार्ट्यांत वाजते तसले?" गोव्यात राहून इलेक्ट्रॉनिक संगीताचे नाव काढले की हे होणारच. खरे तर आमच्या राज्याचे नाव मिरवणाऱ्या त्या संगीताशी माझा काडीचाही संबंध नाही. फोंड्याकडच्या एका वाड्यावर घर, पणजीला नोकरी, कदंबाच्या बसने रोजची ये-जा. मी कलाशाखेचा पदवीधर, सरकारी खात्यात यूडीसी. त्या पार्ट्या सुरू व्हायच्या तेव्हा आमच्याकडे जेवणे आटोपून दारांना कड्या लागलेल्या असत.

माझी सुरुवात झाली ती २००२ साली, एका संगणकविषयक मासिकासोबत आलेल्या सीडीमुळे. नुकताच एक जुना, दुसऱ्या हाताचा पेंटियम घेतला होता. सीडीत नाना प्रकारचे फुकट प्रोग्रॅम होते, त्यात एक होता 'फास्टट्रॅकर टू'. उघडला आणि हसू आले. समोर चक्क आमचे इनवर्ड रजिस्टर! उभे रकाने, आडव्या ओळी, प्रत्येक ओळीला क्रमांक, आणि आकडे तरी कसे, तर नऊनंतर दहा नव्हे, ए. मग बी, सी, असे एफपर्यंत. सूर मांडायचे ते या रजिस्टरात, एकाखाली एक. बटण दाबले की ओळी वर सरकू लागतात आणि गाणे वाजते.

या प्रकाराला 'ट्रॅकर' म्हणतात. त्याचा उगम १९८७ सालचा. कार्स्टन ओबार्स्की नावाच्या जर्मन प्रोग्रॅमरने अमिगा या घरगुती संगणकासाठी 'अल्टिमेट साउंडट्रॅकर' लिहिला. त्या यंत्रात एका वेळी चारच आवाज निघत, म्हणून रकानेही चार. माझ्या हाती आलेला फास्टट्रॅकर टू हा स्वीडनच्या 'ट्रायटन' नावाच्या चमूने १९९४ मध्ये काढलेला, त्यात रकाने बत्तीसपर्यंत. युरोपातल्या शाळकरी पोरांनी या रजिस्टरांवर अक्षरशः हजारो रचना केल्या. फ्लॉपीवर घालून पोस्टाने एकमेकांना पाठवल्या, पुढे टेलिफोनच्या तारेवरून आणि मग इंटरनेटवरून.

पण मला बांधून ठेवले ते वेगळ्याच गोष्टीने. ट्रॅकरच्या फाईलमध्ये नुसते वाजणारे गाणे नसते. त्यात वापरलेला प्रत्येक मूळ आवाज आणि प्रत्येक सुराची नोंद, दोन्ही उघडे असते. म्हणजे ताटात हुमण तर आहेच, शिवाय मसाला कसा वाटला तेही दिसते आणि वाटण्याचे जिन्नसही उचलून नेता येतात. फाईलही छोटी, फ्लॉपीत मावणारी. दर शनिवारी फोंड्याच्या सायबर कॅफेत बसून मी तीन-चार फाईली उतरवायचो आणि फ्लॉपी खिशात घालून घरी यायचो.

मला शिकवले ते या फाईलींनी. एका फिनिश माणसाच्या रचनेत सूर असे घुमायचे की जणू मोठ्या देवळाच्या सभामंडपात वाजताहेत. त्यासाठी काय महागडे यंत्र वापरले असेल म्हणून मी एकेक रकाना बंद करत ऐकत गेलो. यंत्र नव्हतेच. तेच सूर शेजारच्या रकान्यात तीन ओळी खाली, निम्म्या आवाजात पुन्हा लिहिले होते. बस्स! त्या रात्री मला झोप आली नाही. ज्याने हे लिहिले त्याने मला पाहिलेले नाही, फी घेतलेली नाही, गंडा बांधलेला नाही. तरी त्याने आपली वही माझ्यासमोर उघडी ठेवली होती.

आपल्याकडे संगीताची रीत याच्या नेमकी उलट. चीज जपायची, सहजासहजी द्यायची नाही, दिली तरी अर्धी. आमच्याच फोंडा महालातल्या केरीच्या सूरश्री केसरबाई केरकर यांनी आपली गायकी किती जपली हे सर्वश्रुत आहे; शिष्या म्हणून नाव घेतले जाते ते धोंडूताई कुलकर्णींचे. आणि गंमत पाहा, त्याच केसरबाईंची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीतून अंतराळात गेली. त्याच वर्षी बाई वारल्या. जपून ठेवण्यात मला काही गैर वाटत नाही. ज्यांनी पोटाला चिमटा घेऊन विद्या मिळवली त्यांनी ती का उधळावी? हे मी आज म्हणतो. तेव्हा मात्र मला उघड्या वहीची नशा चढली होती.

त्या नशेतच मी २००५ च्या मे महिन्यात आबांचे घुमट ध्वनिमुद्रित केले. आबा म्हणजे आमचे शेजारी, वय सत्तरीच्या पुढे. चवथीच्या आरत्यांना त्यांचे घुमट नसेल तर वाड्याला चवथ झाल्यासारखी वाटत नसे. पडवीत बसवून, स्वस्तातला माईक स्टुलाला बांधून मी त्यांना म्हटले, "एकेक थाप वेगवेगळी मारा." त्यांना ते विचित्र वाटले असणार. एक थाप मारून थांबणारा वादक कुणी पाहिलाय? पण पोराचे मन मोडायचे नाही म्हणून त्यांनी मारल्या. एक खुली, एक दाबलेली, एक काठावरची. खुल्या थापेच्या शेपटाला शेजारचा कोंबडा आरवला. आबांचा हात दुखायला लागला होता, म्हणून पुन्हा घेतली नाही.

घरी येऊन त्या थापा रजिस्टरात मांडल्या आणि निराशा झाली. ट्रॅकरमध्ये आवाज चढवायचा म्हणजे तोच तुकडा जास्त वेगाने वाजवायचा. एक सप्तक वर नेले की घुमटाचे डबडे होते आणि कोंबड्याचे पिल्लू. तरी रेटून एक रचना केली. ती त्या मंडळींच्या सामायिक संग्रहात ठेवली, वर माझे टोपणनाव घातले, आणि विसरून गेलो.

सात-आठ महिन्यांनी फिनलंडहून एका अनोळखी माणसाची फाईल आली. त्याने माझी रचना उघडून घुमट उचलले होते. प्रत्येक आवाजाला नाव देण्यासाठी बावीस अक्षरांची जागा असते, तिथे ही मंडळी निरोप लिहितात. त्याने लिहिले होते, मडक्याबद्दल आभार. मी फाईल लावली आणि चाटच पडलो. घुमटाला दोन तोंडे असतात. मोठ्यावर कातडे, त्यावर उजवा हात. धाकटे उघडे, ते डाव्या तळव्याने झाकत-उघडत आत हवा खेळवायची. सगळी खुमारी त्या डाव्या हातात. या माणसाने घुमट कधी पाहिलेले नाही, आणि तरी एका रकान्यात आकडे घालून त्याने थापेचे शेपूट असे खाली ओढले होते की डावा हात असावा तर असाच! कोंबडाही होता, पण ओढला गेल्यामुळे दूरवरच्या बोटीच्या भोंग्यासारखा वाजत होता.

मी ते सीडीवर घातले आणि आबांकडे धावलो. त्यांच्या नातवाच्या प्लेयरवर लावले. आबांनी डोळे मिटून सगळे ऐकले, पुन्हा लावायला सांगितले. मग म्हणाले, "घुमट म्हजें, पूण हात म्हजो न्हय."

मी उत्साहाने समजावू लागलो, की बघा, तुमचा आवाज कुठल्या कुठे गेला. त्यांनी मध्येच विचारले, "आनी नांव कोणाचें घातलां?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. दुसऱ्याची रचना आपल्या नावावर खपवणे हे या ट्रॅकरवाल्यांत सगळ्यात मोठे पाप समजतात. आवाज कुठून घेतला ते सांगणे हा साधा शिष्टाचार. त्या फिनिश माणसाने तो पाळला होता, माझे आभार मानले होते. आणि मी, शेजारच्या पडवीतून थापा उचलून नेलेला, आबांचे नाव घालायला विसरलो होतो. विसरलो तरी कसे म्हणू? सुचलेच नव्हते. उघड्या वहीच्या कौतुकात वही कोणाची हे पाहायचे राहून गेले. ती जगाला वाटू का, हे त्यांना विचारलेही नव्हते.

आबा रागावले नाहीत. ते म्हणाले, रविवारी ये. मी जाऊ लागलो. त्यांनी माझ्या मांडीवर घुमट दिले आणि महिनाभर उजव्या हाताला काही करूच दिले नाही. नुसता डावा तळवा, झाक आणि उघड. संगणकावर बोट न दुखता जे होते त्यासाठी इथे मनगट सुजायचे. दोन पावसाळे गेलो. मग बदली झाली, रविवार बुडत गेले. आबा २०११ मध्ये गेले. २०१९ साली सरकारने घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून घोषित केले. पुढच्याच वर्षी फिनलंडने या ट्रॅकरवाल्यांच्या 'डेमोसीन'ला आपल्या जिवंत वारशाच्या राष्ट्रीय यादीत घेतले. दोन्ही बातम्या मी ऑफिसच्या टेबलावरच वाचल्या. आबांना दुसरी जास्त आवडली असती असे उगाच वाटले.

आजही रात्री मुले झोपली की मी रजिस्टर उघडतो. चवथीला मात्र घुमट आबांचा नातू वाजवतो आणि मी मागे कांसाळे धरतो; माझा डावा हात तेवढ्याच लायकीचा. त्या जुन्या थापा मी अजून वापरतो. आवाजांच्या नावांच्या पहिल्या ओळीत आबांचे नाव असते, दुसऱ्या ओळीत, कोंबडा शेजारचा. देवनागरी तिथे बसत नाही, म्हणून रोमनमध्ये लिहितो. २००५ ची माझी फाईलही दुरुस्त करून संग्रहात पुन्हा ठेवली. जुनी मात्र ज्यांनी आधीच उतरवून घेतली, त्यांच्याकडे ती तशीच आहे, माझ्या एकट्याच्या नावाने.